नाव बाईचं, मत कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात ‘स्त्रिया आणि मालमत्ता’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण घर आणि जमिनीबद्दल बोललो. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. शेअर म्हटलं की मात्र आपल्याला वाटतं, हा पैसेवाल्यांचा मामला. पण सल्ला केंद्रात बसणाऱ्यांना विचारा. पोटगीच्या दाव्यांत आता शेअरचे कागद येतात. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ खटल्यात नवरा-बायको दोघांनीही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं ठरवून दिलं, तेव्हापासून तर जास्तच.

आमच्याकडे एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे. नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात मांडलं की हिला पोटगी कशाला, हिच्या नावावर चार कंपन्यांचे शेअर आहेत. बाईंना ते तिथेच पहिल्यांदा कळलं! डीमॅट खातं त्यांचं, सही त्यांची, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल नवऱ्याचा. म्हणजे सभेची नोटीस, डिव्हिडंडचा निरोप, मत देण्यासाठी येणारा ओटीपी, सगळं त्याच्या खिशात. आपल्या नावाने इतकी वर्षं कुणी मत दिलं का, काय दिलं, हे त्या बाईंना आजही सांगता येत नाही.

हा मताचा मुद्दा जरा समजून घेऊ. साधा शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक तुकडा, आणि त्या तुकड्याबरोबर सर्वसाधारण सभेत मत असतं. संचालक कोण, ऑडिटर कोण, मालकाच्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा की नाही, असे ठराव या मतांवर ठरतात. पूर्वी सभेत हात वर करून काम उरकायचं आणि अध्यक्ष ‘मंजूर’ म्हणायचे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १०८ ने आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक मतदान आणलं. सभेआधी किमान तीन दिवस ते खुलं ठेवावं लागतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता ते बंद होतं. सांगलीच्या बाईला मुंबईच्या सभेसाठी एसटीचं तिकीट काढायला नको, ही सोय खरीच आहे. मतमोजणीही आता झाकून ठेवता येत नाही. सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक ठरावाला किती मतं बाजूने, किती विरुद्ध, हे कंपनीला शेअर बाजाराला कळवावं लागतं. सध्या त्याला कामकाजाच्या दोन दिवसांची मुदत आहे. हा तक्ता कुणालाही पाहता येतो.

त्या तक्त्यात तीन कप्पे असतात: प्रवर्तक आणि प्रवर्तक गट, मोठ्या संस्था, आणि उरलेली जनता. पहिल्या कप्प्यात कोण येतं ते नीट ऐका. प्रवर्तक म्हणजे ज्याच्या ताब्यात कंपनी आहे तो. त्याच्या ‘गटात’ कायदा आपोआप त्याची बायको, आईवडील, भाऊबहिणी, मुलंमुली, आणि बायकोचे आईवडील, भाऊबहिणीसुद्धा धरतो. कंपनी दर तिमाहीला शेअर कुणाकडे किती याचा तक्ता देते, त्यात प्रवर्तक गटाची नावं छापलेली असतात. कुठल्याही कौटुंबिक कंपनीचा तक्ता काढून बघा. बायकांची नावं ओळीने सापडतील, प्रत्येकीपुढे शेअरचा आकडा. मतांच्या तक्त्यात मात्र ही नावं विरघळून एकच बेरीज होते. २०११ चे ताबा-नियमही जवळचे नातेवाईक एकत्र मिळूनच वागतात असं धरून चालतात. तसं नाही, हे दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर.

यामागचा हेतू मला पटतो, हे आधीच सांगते. हा नियम नसता तर पुरुषांनी आपले शेअर बायको, सून, मेहुणी यांच्या नावांमागे लपवून ‘आम्ही वेगळे’ असा बहाणा केला असता, आणि लहान भागधारकांना फसवलं असतं. पण कायद्याला असा नियम करावा लागतो, याचा अर्थ काय? बाईच्या नावावरचं मत तिचं नसतं, हे सरकारलाही माहीत आहे! आणि हे माहीत असून त्यावर उपाय केला तो इतर भागधारकांना वाचवण्यासाठी. त्या बाईला तिचं मत मिळवून देण्यासाठी कुणी काही केलेलं नाही.

आता आपल्यासारख्यांच्या घरातली गोष्ट. जोडखात्यात पहिलं नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं, दुसरं बायकोचं. कंपनीने वेगळी नियमावली केली नसेल तर नोंदीत ज्याचं नाव आधी, त्याचं मत धरलं जातं, खालच्या नावाचं नाही. बायकोच्या एकटीच्या नावावर शेअर असले तर ‘इथे सही कर’ म्हणून प्रॉक्सीचा कागद पुढे येतो. प्रॉक्सी म्हणजे आपल्याऐवजी दुसऱ्याने जाऊन मत द्यायचं. ज्याला प्रॉक्सी दिली त्याला सभेत बोलता येत नाही, फक्त मत देता येतं. आपल्या घरांत नेमकं उलटं असतं म्हणा, पण ते असो.

विधवा बाईचं दुखणं आणखी वेगळं आहे. नवरा गेला, कागद कुठे आहेत कुणाला माहीत नाही, डिव्हिडंड पडून राहतो. सलग सात वर्षं तो कुणी घेतला नाही की डिव्हिडंड तर जातोच, शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. ते परत मागता येतात, पण तोपर्यंत त्यांवरचा मताधिकार गोठलेला असतो. दिराचं नाव नॉमिनी म्हणून लागलं असेल तर घाबरून सही करू नका. नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्क कायम राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत २०२३ साली स्पष्ट केलं आहे.

म्युच्युअल फंडात पाचशे-हजार रुपये भरणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. तिथे मत बाई देत नाही, तिच्या पैशांवर फंड देतो. १ एप्रिल २०२२ पासून फंडांना सगळ्या ठरावांवर मत द्यावंच लागतं, आणि कुठे काय दिलं, का दिलं, हे जाहीर करावं लागतं. वाचतं कोण, हा प्रश्न आहे. आपल्या गटातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीने तिमाहीला एकदा वाचून दाखवलं तरी पुरे.

संचालक मंडळावर एक तरी बाई हवी हे २०१३ च्या कायद्याने आणलं, तेव्हा काही प्रवर्तकांनी घरातलीच बाई बसवली. मग बाजारमूल्याने मोठ्या कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावलं. मोठ्या १००० कंपन्यांना कामगारांत बायका किती, मंडळात किती, हेही सांगावं लागतं. भागधारकांत बायका किती आणि त्यांची मतं किती पडली, हे मात्र मतांच्या तक्त्यात कुठेच नाही. डीमॅट खातं उघडताना स्त्री की पुरुष हे फॉर्मवर भरून घेतलं जातंच. मग तक्त्यात एक रकाना वाढवायला अडचण कसली? सेबी नवे नियम करण्याआधी बऱ्याचदा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती-सूचना मागवते. आपल्या संघटनांनी तिथे लिहायला हवं. बायकांच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांशी ज्या मैत्रिणी काम करतात त्यांच्याकडून आपण शिकू शकतो. तिथे सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असो, एका सभासदाला एकच मत.

रकाना वाढेल तेव्हा वाढेल. सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला दागिने, बँक पासबुक विचारतो तसं पॅन कार्ड कुणाकडे आहे, त्यावर डीमॅट खातं उघडलंय का, त्यात मोबाइल नंबर कुणाचा, हेही विचारायला लागू या. नंबर बदलायचा अर्ज खातेदारच करते, त्याला नवऱ्याची सही लागत नाही. बहुतेक कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं, म्हणजे सभा ३० सप्टेंबरच्या आत. नोटीस किमान २१ दिवस आधी निघते. तेव्हा अर्ज पावसाळा सुरू होतानाच द्या, आणि त्याची पोच मागून घ्या.