कीटकभक्षी वनस्पतींची माती

शहरांतील एखादा हौशी गृहस्थ रोपवाटिकेंतून माशा पकडणारें एक लहानसें रोप विकत आणतो. चाळलेली काळी माती, त्यांत मुरलेलें शेणखत, वर चिमूटभर राख, असा सारा थाट तो ह्या पाहुण्यासाठीं करितो. महिन्या-दोन महिन्यांत पानें काळीं पडतात आणि रोप मरून जातें. हवा मानवली नाहीं, असें घरांत ठरतें. वस्तुतः तें रोप उपासानें नव्हे, पक्वान्नानें मेलेलें असतें.

ह्याचें कारण सातारा जिल्ह्यांतील कासच्या पठारावर दिसतें. तेथें जांभ्या कातळावर मातीचा अगदीं पातळ थर असतो आणि पावसाळ्यांतील संततधार त्यांतील क्षार धुवून नेते. अशा ओल्या, आम्लधर्मी, नत्राला पारख्या झालेल्या जागीं दवबिंदु ही वनस्पति उगवते; ज्या जांभळ्या फुलांना लोक सीतेची आसवें म्हणतात, ती वनस्पतिहि कीटकभक्षीच. पहिलीच्या पानांवरील चिकट थेंबांत चिलटें अडकतात. दुसरी ओल्या मातींतील आपल्या सूक्ष्म फुग्यांत बारीक जीव ओढून घेते. जमिनींत न मिळणारें नत्र व स्फुरद त्या अशा रीतीनें मिळवितात. म्हणूनच खतावलेल्या मातींतील क्षार त्यांच्या मुळांना सोसत नाहींत. कासची माती पिशवींत भरून आणण्याचा मोह मात्र आवरावा. पठाराचें नुकसान होईल, आणि तेथला पाऊस कांहीं पिशवींतून येणार नाहीं.

चार्ल्स डार्विन ह्यांनीं १८७५ सालीं ह्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शिकारीपासून झाडास खरोखर लाभ होतो काय, ही शंका त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनीं १८७८ सालीं फेडली. त्यांनीं कांहीं दवबिंदूंना भाजलेल्या मांसाचे कण दिले, कांहींना दिले नाहींत. मांस मिळालेल्या झाडांना बीं कितीतरी अधिक धरलें. खाद्य द्यावयाचें तें पानांना, मुळांना नव्हे!

कुंडीसाठीं दोन भाग पीट, म्हणजे दलदलींत अर्धवट कुजून साचलेलें शेवाळ, आणि एक भाग धुतलेली गारेची वाळू घ्यावी. समुद्राची वाळू नको. तींत मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. संशय आल्यास वाळूवर थोडा शिरका टाकावा. फेस आला कीं ती वाळू बाद. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरावयाचा झाल्यास तो पुनःपुन्हा पाणी बदलून धुवावा, कारण त्यांतहि मीठ असतें. कुंडी चिनी मातीची किंवा प्लास्टिकची असावी. पाणी पावसाचें साठविलेलें उत्तम. विहिरीच्या जड पाण्यानें कुंडींत क्षार सांचत जातात.

दवबिंदु आणि अमेरिकेंतील कॅरोलायना भागांतला माशी-सापळा ह्यांची कुंडी पाण्याच्या थाळींत ठेवितां येते. मेघालयांतील घटपर्णीला मात्र तसें चालत नाहीं. तिच्या मुळांना ओल हवी, पण हवाहि हवी. तिच्या मिश्रणांत लांब तंतूंचें शेवाळ आणि झाडाच्या सालीचे तुकडे मिसळावे आणि पाणी खालून निथळूं द्यावें. कोणतेंहि मिश्रण कालांतरानें कुजून घट्ट बसतें. एक-दोन वर्षांनीं तें बदलावें, आणि काढून टाकलेलें खुशाल गुलाबाच्या वाफ्यांत घालावें.