कोंड्याचा मांडा



कोंड्याचा मांडा करून खाणे हा वाक्प्रचार आपल्या भाषेत काटकसरीच्या गौरवासाठी योजला जातो. मांडा करावयाचा तो वस्त्रगाळ केलेल्या सपिटाचा, आणि सपीट काढून घेतल्यावर चाळणीत जो शेष उरतो तो गोठ्यातल्या घमेल्यात जावयाचा, असा शिष्टसंमत क्रम असताना ज्या गृहिणीला दारिद्र्यापायी त्या शेषावरच सण साजरा करावा लागे आणि जी तो हसतमुखाने साजरा करी, तिच्या कौतुकासाठी हे शब्द जन्माला आले असावेत. परंतु आहारशास्त्राचा हिशेब मांडला असता असे दिसते की, त्या गृहिणीच्या मुलांच्या ताटात जे पडले ते सपिटाच्या मांड्याहून बव्हंशी उणे नव्हते, काही बाबतींत तर पुष्कळच सरस होते; आणि आज घरी करावयाची पोळी, भाकर व पाव यांविषयी मला जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ याच एका गोष्टीत आहे. पोळीचे आरोग्य तव्यावर ठरत नाही. दाणा आणि पीठ यांच्या दरम्यान, म्हणजे चक्कीवर आणि चाळणीत, ते ठरून गेलेले असते.

गव्हाचा एक दाणा नखाने चिरून पाहा. बाहेरचे तांबूस आवरण म्हणजे कोंडा, तो वजनाने शंभरात सुमारे 14 भाग. टोकाशी दडलेला चिमुकला अंकुर, तो जेमतेम 3 भाग. आणि उरलेला पांढरा पिठूळ गर, जो अंकुराने मोड येताना शिदोरी म्हणून खावा यासाठी निसर्गाने साठवून ठेवलेला असतो. मैदा करताना ही शिदोरी तेवढी ठेवून घेतली जाते, आणि ज्यांत लोह, जस्त, ब वर्गातील जीवनसत्त्वे, अंकुरातील उत्तम तेल आणि पचनेंद्रियांना चालना देणारा तंतुमय भाग यांचा मोठा वाटा असतो, ते कोंडा आणि अंकुर दोन्ही दूर केले जातात. शंभर ग्रॅम सबंध गव्हाच्या पिठात सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच मैद्यात तीन ग्रॅमही भरत नाहीत.

हा विषय वर्धा जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे मांडताना मला विशेष आनंद वाटतो, कारण पीठ कसे असावे या प्रश्नाला राष्ट्रीय प्रश्नाचा दर्जा याच भूमीत प्राप्त झाला. डिसेंबर 1934 मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेतील वास्तूला गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले, आणि डॉ. जे. सी. कुमारप्पा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने हातसडीचा तांदूळ, हाताने दळलेले पीठ, घाणीचे तेल आणि गूळ या चार घरगुती जिनसांचा विचार गावाच्या मिळकतीचा आणि गावाच्या प्रकृतीचा एकत्रित प्रश्न म्हणून सुरू केला. गांधीजींना जात्याचे महत्त्व काही मगनवाडीत आल्यावर उमगले नव्हते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या घरी बेकरीचा पाव बंद करून, कूने या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीने बिनखमिराचा, सबंध गव्हाचा पाव घरी करावयाचा असे जेव्हा त्यांनी ठरवले, तेव्हा त्यासाठी सात पौंड देऊन त्यांनी हातचक्की विकत घेतली होती. तिचे लोखंडी चाक एकट्याला जड जाई म्हणून ते, त्यांचे सहकारी पोलाक आणि घरातील मुले मिळून ती फिरवीत, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे 1942 साली आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत आरोग्यावर लिहितानाही, कोंडा काढलेले गव्हाचे पीठ हे पॉलिश केलेल्या तांदळाइतकेच निकृष्ट होय, असा निर्वाळा त्यांनी दिला.

जाते आता घरोघर फिरणे शक्य नाही, आणि पहाटे उठून दोन दोन पायल्या दळणाऱ्या आपल्या आज्यांच्या खांद्यांचे दुखणे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्यापैकी कोणीही तशी शिफारस करणार नाही; मीही करीत नाही. गावातल्या चक्कीवरून दळून आणलेले पीठ पूर्णतः चालते, परंतु त्यासाठी तीन पथ्ये पाळावी लागतात. दळण एकदम महिन्याचे न नेता उन्हाळ्या-हिवाळ्यात पंधरा दिवसांचे आणि पावसाळ्यात आठ दिवसांचे न्यावे. कारण दाणा अखंड असेतो अंकुरातील तेल सुरक्षित असते, तो फुटल्याबरोबर त्या तेलाचा हवेशी संबंध येतो आणि पीठ हळूहळू खवट होऊ लागते. चक्कीवरून आलेले पीठ गरम असते, ते डब्यात कोंबून लगेच झाकण लावू नये, परातीत पसरून निवू द्यावे. आणि घरी आल्यावर ते बारीक चाळणीने चाळू नये. धान्य दळणापूर्वी नीट निवडले असेल तर चाळण्याचे कारणच उरत नाही. पाखरू-जाळे यांच्या भीतीने चाळावेच वाटले तर जाड चाळणी घ्यावी आणि वर उरलेला स्वच्छ कोंडा परत पिठात मिसळावा.

येथे भगिनींची एक तक्रार मी गावोगावच्या वर्गांत ऐकत आले आहे, की न चाळलेल्या पिठाची पोळी वातड होते आणि मुले ती बाजूला सारतात. तक्रार खरी आहे, पण दोष कोंड्याचा नसून आपल्या घाईचा आहे. कोंडा पाणी शोषतो, मात्र सावकाश; म्हणून कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवावी, ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास झाकून ठेवावी, आणि मग तेलाचा हात लावून पुन्हा मळावी. भिजवल्याबरोबर लाटलेली आणि अर्ध्या तासाने लाटलेली अशा दोन पोळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. माझ्या सांगण्यापेक्षा ती परीक्षा अधिक विश्वसनीय ठरेल.

आता ज्वारीकडे वळू. आपल्या जिल्ह्यात कापसाच्या जोडीला ज्वारी आणि तूर ही जुनी पिके. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंतच्या शिवारात एकेकाळी कणसांनी डोलणारी ही ज्वारी सोयाबीनच्या आगमनानंतर मागे हटली, आणि तिच्यामागोमाग ताटातली भाकरही. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून शहरांतून ज्वारीला प्रतिष्ठा येऊ लागली आहे, ही समाधानाची गोष्ट. ज्वारीत गव्हातील चिकट प्रथिन नसते. म्हणून ज्यांना गहू सोसत नाही अशा रुग्णांना ती चालते. मात्र त्यांचे दळण आधी गहू दळलेल्या चक्कीवर केल्यास मागचे पीठ त्यात मिसळते, आणि तेवढ्यानेही अशा रुग्णाला अपाय होतो. त्यांच्यासाठी घरात लहान यंत्र ठेवावे. त्या चिकट प्रथिनाच्या अभावामुळेच भाकर थापणे हे कसब ठरते. ऊन पाण्याने पिठातील पिष्टाचा थोडा भाग शिजून खळीसारखा होतो आणि तो बाकीच्या पिठाला धरून ठेवतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकर कडेला फाटते. सुनेच्या हाताला कौशल्य नाही असा निवाडा देण्यापूर्वी सासूबाईंनी डब्यातले पीठ किती दिवसांचे आहे याची चौकशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भाकर उत्तम, पण नुसती भाकर नव्हे. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण-संशोधकांनी दख्खनमधील केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा, कातडी काळवंडून सोलवटणारा रोग पाहिला आणि त्याची मीमांसा केली; डॉ. गोपालन यांचे नाव त्या कामाशी निगडित आहे. दोष ज्वारीचा खाण्यात समावेश करण्याचा नव्हता, तिच्याशिवाय ताटात दुसरे काही नसण्याचा होता. धान्यातील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो आणि डाळींत तो मुबलक असतो. म्हणून भाकरीबरोबर चून म्हणजे पिठले, तुरीचे वरण, भुईमुगाची चटणी यांचा जो संयोग आपल्याकडे परंपरेने चालत आला, तो शास्त्राच्या कसोटीवर शंभर टक्के उतरतो. खानदेशात ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून कळण्याची भाकर करतात, त्यात तर हा संयोग पिठातच साधलेला असतो. लोहाचे म्हणाल तर धान्याच्या आवरणात फायटिक आम्ल असते आणि ते लोहाला अडवून धरते. अंबाडीची भाजी, लिंबाची फोड, हिरवी मिरची यांतील क जीवनसत्त्व ती अडवणूक बरीच सैल करते, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा ती अधिक घट्ट करतो. पांडुरोगाने फिकटलेल्या भगिनींनी चहा जेवणानंतर निदान तासाभराने घ्यावा.

सोयाबीनचा उल्लेख झालाच आहे, तर त्याविषयी थोडे विस्ताराने बोलते. 1935 साली गांधीजींनी मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग केले, त्या वेळी हे धान्य या मुलखाला जवळपास अपरिचित होते. आज तेच शेतभर पिकते आणि पोत्यांनी तेलाच्या कारखान्यांकडे रवाना होते, पण पिकवणाऱ्याच्या घरात मूठभरही शिजत नाही. घरच्या गव्हात नऊ भागांस एक भाग या प्रमाणात ते मिसळल्यास प्रथिनांची भर सहज पडते. मात्र कच्चे सोयाबीन दळू नये, कारण त्यातील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. दाणे धुऊन, भिजवून, अर्धा तास खळखळत्या पाण्यात उकळावे, फडक्यावर वाळवावे, मंद आचेवर खमंग भाजावे, आणि मग गव्हात घालून दळावे.

अलीकडे नागपूर-वर्ध्याच्या मोठ्या दुकानांतून टॉर्टिया नावाची गोल पातळ पोळी पुडक्यात मिळू लागली आहे. मुलांच्या डब्यासाठी आया ती कौतुकाने नेतात. पुडक्यावरील मजकूर वाचला तर बहुधा मैदा, तेल आणि टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्ये यांचीच नावे आढळतात. खरी मेक्सिकन टॉर्टिया मक्याची, आणि तिच्यामागे शेकडो पिढ्यांचे शहाणपण आहे. तेथील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन, ओलाच वाटतात. त्यामुळे मक्यात बांधले गेलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते आणि कॅल्शियमचीही भर पडते. युरोपने मका तर नेला, पण चुन्याची रीत नेली नाही, आणि इटलीतील मकाभक्षक शेतकऱ्यांत तोच पेलाग्रा पसरला. आपल्याकडे करून पाहावयाचे तर एक किलो मक्याला खाण्याचा चुना दहा ग्रॅम पुरतो. परंतु डब्यात भाजी गुंडाळून देण्याजोगी पोळीच हवी असेल, तर दोन भाग गव्हाच्या व एक भाग ज्वारीच्या पिठाची, ऊन पाण्याने भिजवलेली घरची पातळ पोळी त्या पुडक्यापेक्षा कितीतरी हितकर आणि किफायतशीर आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र एक ध्यानात ठेवावे, की पीठ बदलले म्हणून पोळ्यांची मोजदाद सोडून देता येत नाही.

पावाबद्दल लोक मला अगत्याने विचारतात, आणि बाजारातील तपकिरी पाव आणावा काय, अशी पृच्छा करतात. रंगावर भरवसा ठेवू नये. तो रंग पुष्कळदा जाळलेल्या साखरेचा असतो. वास्तविक भाजलेल्या भाकरीची परंपरा विदर्भाला परकी नाही. भरड दळलेल्या गव्हाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरावर आणि पानगे पळसाच्या पानांत भाजण्याची आपली पद्धत ही भट्टीचीच पद्धत होय. तेव्हा घरच्या पावासाठी लोकवन गव्हाचे न चाळलेले पीठ घ्या. बन्सी गहू शेवयांना व रव्याला उत्तम, पावात तो तितका फुगत नाही. रात्री 250 ग्रॅम पिठात 200 मिलिलिटर पाणी आणि अगदी चिमूटभर यीस्ट कालवून झाकून ठेवा. या रात्रभरच्या आंबण्याने फायटिक आम्ल घटते आणि चवही येते. वैशाखात हे मिश्रण माठाजवळच्या गारव्यात ठेवावे, नाहीतर सकाळपर्यंत ते आंबट ढोण होते. सकाळी आणखी 250 ग्रॅम पीठ, सुमारे 170 मिलिलिटर कोमट पाणी, अर्धा चमचा यीस्ट, 8 ग्रॅम मीठ आणि चमचाभर तेल घालून दहा मिनिटे मळा. गोळा हाताला चिकटेल. चिकटू द्या, वर पीठ भुरभुरू नका. तासाभरात तो दीडपट झाला की तेल लावलेल्या डब्यात बसवा, आणखी पाऊण तास फुगू द्या, आणि 200 अंशांवर सुमारे 40 मिनिटे भाजा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरून, त्यावर तिवई ठेवून, घट्ट झाकण लावून पाव तास तापवा आणि मग डबा आत ठेवा, तासभर लागेल. चूल पेटवणार असाल तर धुराला वाट असलेली हवी. मगनवाडीत घडलेल्या मगनचुलीमागे हाच विचार होता, कारण खाणाऱ्याच्या आतड्यांची काळजी वाहताना करणारीच्या फुप्फुसांकडे कानाडोळा होणे हा अन्यायच होय. पाव झाला की नाही हे पाहण्यासाठी तो उलटा करून बुडाशी बोटाने टिचकी मारा. पोकळ, टपोरा आवाज आला तर आतून शिजला. त्यानंतर तो जाळीवर ठेवावा आणि दोन तास त्याला सुरी लावू नये, मुलांनी कितीही तगादा केला तरी. गरम कापलेला पाव आत लगदा राहतो, आणि निवलेल्याची कडा मात्र चुनाबरोबर खाताना कुरकुरते.