शाळेच्या पुस्तकात आपला पाडा कुठे आहे?

(आरे, गोरेगाव येथील पाड्यांच्या एकत्र सभेत केलेलं भाषण)

आज आम्हाला वनहक्काच्या दाव्यांवर बोलायला सांगितलंय. ते बोलणारच आहोत. पण सुरुवात एका वहीपासून करतो.

आपल्याच एका पाड्यातला सातवीतला पोरगा. शाळेत त्यांना प्रकल्प दिला होता, 'माझ्या गावाचा इतिहास'. बाकीच्या पोरांनी दुकानातून चित्रं आणून चिकटवली. हा पोरगा आजीजवळ जाऊन बसला. आजीने सांगितलं ते त्याने लिहिलं. वाघदेव कुठे आहे, विहीर कुणी खणली, भाताची खाचरं कुठपर्यंत होती, ताडाची झाडं किती होती, तबेले कधी आले. चार पानं भरली. शाळेतून वही परत आली तेव्हा वर लाल शाईत शेरा होता : 'गावाचा इतिहास लिहावा. हे गाव नाही.'

पोरगा घरी येऊन रडला नाही. त्याने वही पत्र्याच्या खाली खोचून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सात बेटांची चित्रं चिकटवून नेली. त्याला चांगले गुण मिळाले.

आता ही सात बेटं बघा. आम्हीही शाळेत तीच पाठ केली. कुलाबा, माझगाव, वरळी, माहीम वगैरे. राजाने हुंड्यात दिली, कंपनीने भाड्याने घेतली, भर घातली, मुंबई झाली. संपला इतिहास. त्यात अंधेरी आहे का? बोरिवली आहे का? मुलुंड, घाटकोपर? नाही, कारण आपण त्या बेटांवर नव्हतोच. आपण साष्टीचे. साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतली आणि १७७४ साली इंग्रजांनी बळकावली. पुढे ती ठाणे जिल्ह्याचा तालुका झाली. मुंबईची महापालिका मुलुंड-दहिसरपर्यंत आली ती १९५७ साली. म्हणजे शहर आपल्याकडे चालत आलं. आणि आज ऑफिसात गेलो की साहेब विचारतो, "मुंबईत आदिवासी कुठून आले?"

साहेबाचा राग येतो, पण तोही तेच पुस्तक पाठ करून पास झालाय ना!

आम्ही काही फार शिकलेले नाही. आमच्यातले काही दहावीला सुटले, काही बारावी झाले. पण बारा वर्षं शाळेत बसून एवढं कळलं, की पुस्तक आपल्याला कधी आत घेतं आणि कधी बाहेर ठेवतं. इंग्रजाशी लढलो तर आत घेतं. तेही फार नाही, बिरसा मुंडाचं नाव येतं, फोटो येतो. सावकाराशी लढलो की बाहेर.

राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. मुलुंडहून गाडीने एक स्टेशन. किती पोरांना तिथे नेलं कुणी? इंग्रजांच्या कागदात ते बंडखोर, दरोडेखोर. महादेव कोळ्यांचा हा माणूस आधी सावकारांविरुद्ध उठला होता, जमिनीसाठी उठला होता. 'इंग्रजांविरुद्ध लढले' एवढी एक ओळ लिहिली की सावकार अलगद सुटतो. तो तर आपल्याच देशातला, त्याला पुस्तकात वाईट कसं म्हणायचं?

त्याहून जवळची गोष्ट सांगतो. तलासरी, डहाणू, उंबरगाव. आपल्यातल्या कित्येकांची सोयरीक तिकडची. तिथे वारल्यांना वेठ होती. लग्नाला कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं जमीनदाराकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणायचे. २३ मे १९४५ ला झरीला सभा झाली, हजारो वारली जमले, आणि ठरलं की वेठ करायची नाही. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभा, लाल बावटा. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. पुढे जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला परत गोळी चालली, आणि तेव्हा मुंबई प्रांतात आपल्याच लोकांचं, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. आता बोला, हा धडा कोणतं सरकार छापील? गोळी इंग्रजाची असेपर्यंत ठीक होतं.

आम्हाला हे शाळेत कुणी सांगितलं नाही. एका सभेत म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडून ऐकलं, मग गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हातात पडलं. त्या दिवशी आमच्यातली एक बाई म्हणाली, "म्हणजे आपण मार खाणारेच नव्हतो तर."

हे एकाच पक्षाचं काम आहे असं समजू नका. दिल्लीत सरकार बदललं की पुस्तक बदलतं, २००२ ला बदललं, २००६ ला परत बदललं. आपल्याकडे २०१७ साली सातवी-नववीची नवी पुस्तकं आली, मुघल आक्रसले, नववीत आणीबाणी आणि बोफोर्स आलं. पेपरात भांडण झालं. एक म्हणे आमचा राजा कमी केला, दुसरा म्हणे आमच्या नेत्याला बदनाम केलं. त्या सगळ्या भांडणात वारली, कातकरी, मल्हार कोळी कुणी काढला नाही. मुघल वाढवा की घटवा, आपली पानं तेवढीच. आणि आता कुणी येऊन आपल्याला 'वनवासी' म्हणतं. आदि म्हटलं की आधीचे होतो हे मान्य करावं लागतं, म्हणून शब्दच बदलायचा.

आता दाव्यांकडे येतो, कारण ही सगळी गोष्ट तिथेच जाऊन पोचते.

२००६ चा वनहक्क कायदा काढून बघा. सुरुवातीलाच लिहिलंय, की जंगलात राहणाऱ्यांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला. संसदेने मान्य केलंय हे! अन्याय कोणता, कधी, कुणी केला, ते मात्र इतिहासाच्या तासाला विचारू नका. १९४९ ला सरकारने दूध वसाहतीसाठी आरेची जमीन घेतली, नेहरूंनी झाड लावलं, ते सगळं ठाऊक असतं. पण त्या जमिनीवर त्याआधी कोण नांगरत होतं? ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी एका रात्रीत झाडांवर करवत चालली, तेव्हा टीव्हीवाले 'मुंबईचं फुफ्फुस' म्हणत होते. चांगलं आहे. पण फुफ्फुसात माणसं राहतात हे फार थोड्यांनी दाखवलं.

कायद्याच्या नियम १३ मध्ये पुरावे दिलेत. नीट ऐका. गॅझेटियर चालतं, जनगणना चालते. १८८२ च्या ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये वारल्यांची माहिती आहे, आणि साष्टी तेव्हा ठाण्यातच होती. जुनं घर, शेताचा बांध, विहीर, देवाची जागा, पुरण्याची जागा, हे चालतं. आणि वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं, लिहून घेतलेलं, तेही चालतं. पुरावे एकापेक्षा जास्त हवेत. आपला ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवायचाय. आपल्या म्हाताऱ्यांना तर त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधीचं आठवतं.

म्हणजे त्या पोराने वहीत जे लिहिलं, विहीर, वाघदेव, खाचरं, आजीचं सांगणं, ते शाळेला चुकीचं वाटलं आणि कायदा तेच मागतो.

ती वही आम्ही मागून घेतली आहे. लाल शेरा तसाच आहे, खोडू दिला नाही. पण पोराची वही तशीच जोडून भागणार नाही, निवेदन आजीच्या नावाने, तिच्या अंगठ्यासह, नीट तारीख घालून करायचं. आणि दावा ज्याचा, त्याच्याच घरातल्या म्हाताऱ्याचं नको, दुसऱ्या घरातला साक्षीला हवा. मागच्या वेळी ही चूक झाली म्हणून तीन अर्ज परत आले.

तर काम असं. येत्या रविवारपासून प्रत्येक पाड्यातल्या दोन शिकलेल्या पोरांनी म्हाताऱ्यांजवळ बसायचं. वारलीत सांगितलं तर वारलीतच उतरवा, मराठी खाली लिहा. साल आठवत नसेल तर जबरदस्ती करू नका, 'तबेले यायच्या आधी', 'फिल्मसिटी झाली तेव्हा' असं जे सांगतील तेच लिहा, साल आपण नंतर लावू. जुन्या पावत्या, रेशनकार्ड, शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि वहीवाली आजी इथे मागे बसली आहे. तिला आज ताप आहे तरी आली. तिच्यापासूनच सुरुवात करू, अंधार पडायच्या आत.

जोहार!