सांगणारीपर्यंत परत गेलं पाहिजे
(शिरोडा येथे महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी सुमित्रा भावे यांच्याविषयी बोलणार आहे. हातातली कामं टाकून आलेल्या बायांना सिनेमाचं काय सांगता, असं कुणाला वाटेल. पण आपण कार्यकर्त्या बायांची दुःखं ऐकतो, लिहून घेतो, अहवाल करतो. जिनं सांगितलं तिच्यापर्यंत त्यातलं काय परत जातं? सुमित्राताई दिग्दर्शिका झाल्या त्या याच प्रश्नातून.

१९४३ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. समाजकार्याचं शिक्षण घेऊन त्यांनी पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. सिनेमाचं रीतसर शिक्षण मात्र घेतलेलं नव्हतं. वस्तीतल्या बायांच्या जगण्यावर संशोधन करताना त्यांना जाणवलं, की जिचं आयुष्य आपण कागदावर उतरवतो तिला तो कागद वाचता येत नाही. पडद्यावरचं मात्र तिला कळेल. म्हणून १९८५ साली, वयाच्या चाळिशीनंतर, त्यांनी 'बाई' हा पहिला लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे सुनील सुकथनकर यांच्यासोबत त्यांनी 'दोघी' (१९९५) केला. लग्नाच्या दिवशीच गौरीचा होणारा नवरा अपघातात जातो. गाव तिला अपशकुनी ठरवतं. मामा तिला मुंबईला नेतो आणि तिथं तिला शरीर विकावं लागतं. तिच्या पैशावर घर चालतं. पण धाकट्या बहिणीच्या, कृष्णाच्या लग्नासाठी ती घरी येते तेव्हा सख्खी आईच तिला दूर ठेवते. पैसा चालतो, मुलगी चालत नाही!

मुंबईच्या मनीऑर्डरींवर कोकणातली किती घरं उभी राहिली, हे तुम्हाला मी सांगायला नको. चाकरमानी आला की घर आनंदतं. लेक कमावून आली, तर आधी तिच्याकडे संशयानं बघितलं जातं. सुमित्राताई त्या आईला खलनायिका करत नाहीत. तीही त्याच रीतीत अडकलेली बाई आहे, हे त्या दाखवतात. म्हणून तर सिनेमा बघताना आपलीच मान खाली जाते.

कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या त्यांच्या 'कासव'ला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. खचलेल्या एका तरुणाला एक बाई हळूहळू, काही न लादता सावरते, अशी ती गोष्ट आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राताई गेल्या. शेवटपर्यंत त्या सिनेमात काम करत होत्या.

त्यांना पुरस्कार किती मिळाले, हे आपण विसरलो तरी चालेल. एक गोष्ट मात्र आपण करू. 'दोघी' वाडीवाडीत दाखवू. नंतर आपण कार्यकर्त्यांनी गप्प बसायचं आणि बायांना बोलू द्यायचं. आणि यापुढे कुठलीही पाहणी केली, की तिचा अहवाल वर पाठवण्याआधी तो वाडीत मोठ्यानं वाचायचा. सांगणारी म्हणाली, "हे असं नव्हतं," तर तो बदलायचा.