स्टेप एरोबिक्स: घरातला चढउतार

स्टेप एरोबिक्स म्हणजे संगीताच्या ठेक्यावर एका बुटक्या फळीवर चढणे आणि उतरणे. अमेरिकेतील जिन मिलर या व्यायाम प्रशिक्षिकेने गुडघ्याच्या दुखापतीतून सावरताना हा प्रकार विकसित केला आणि 1990 च्या सुमारास तो जगभर पसरला.

फळीची उंची साधारण 4 ते 8 इंच असते. नवशिक्यांनी 4 इंचांपासूनच सुरुवात करावी. घरी लाकडी पाट किंवा स्टूल वापरण्याचा मोह होतो. पण गुळगुळीत फरशीवर पाट सरकतो आणि स्टूल कलंडते. फळीखाली रबर हवे, पायात बूट हवेत.

चढताना टाचेसह संपूर्ण पाऊल फळीवर टेकवावे. टाच हवेत राहिली की पोटरीवर ताण येतो. उतरताना आधी चवडा, मग टाच, आणि पाऊल फळीच्या जवळच पडावे. वर चढलेल्या पायाचा गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकू नये. काही मिनिटांनी पुढचा पाय बदलावा, नाहीतर सगळा भार एकाच पायावर येतो.

व्यायाम अवघड करायचा तर आधी हातांच्या हालचाली, गुडघा उचलणे, फळी ओलांडणे असे प्रकार जोडावेत. उंची सर्वात शेवटी वाढवावी. ठेका मिनिटाला 128 ठोक्यांच्या पुढे नेल्यास पाऊल अर्धवट पडू लागते. उडी फक्त वर चढताना घ्यावी, खाली उतरताना कधीच नाही. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. शेवटची पाच मिनिटे वेग उतरवत न्यावा आणि पोटऱ्या ताणून घ्याव्यात.