विद्यार्थिनी रमाबाई

मराठी, कानडी आणि तेलुगू ह्या तीन भाषांच्या सीमेजवळ वसलेल्या देगलूरसारख्या गावातून दरवर्षी कित्येक मुलेमुली उच्च शिक्षणासाठी नांदेड, लातूर, पुणे, हैदराबाद ह्या शहरांची वाट धरतात. निघताना आई देवापुढे साखर ठेवते आणि वडील दोनच गोष्टी सांगतात : 'मन लावून अभ्यास कर' आणि 'आपले वळण सोडू नकोस.' वरवर पाहता ह्या दोन आज्ञांत विरोध नाही. परंतु महाविद्यालयात वर्ष-सहा महिने गेले, म्हणजे कधी कधी त्यांच्यात कलह उत्पन्न होतो. अभ्यास 'विचार कर' म्हणतो. वळण 'ऐक' म्हणते. अशा वेळी विद्यार्थ्याने काय करावे? हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, कोणत्याही घरातील मुलाला हा प्रश्न चुकत नाही. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तो विलायतेतील एका विद्यालयात उभा राहिला, आणि त्यांनी त्याचे दिलेले उत्तर आजही मननीय आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. स्त्रीने देववाणी शिकणे त्या काळी लोकांस रुचणारे नव्हते. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असे. 1874 च्या सुमारास दुष्काळाने आईवडिलांस नेले. पुढे बहीण-भाऊ पायी प्रवास करीत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या अर्पण केल्या. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण 1882 च्या आरंभी वैधव्य आले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी होती आणि वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

वैद्यकीचे शिक्षण घेऊन देशातील स्त्रियांची सेवा करावी, ह्या हेतूने 1883 साली त्या विलायतेस गेल्या. 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचे पुस्तक आदल्या वर्षी निघाले होते. त्याच्या विक्रीचे पैसे वाटखर्चाच्या कामी आले. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांस ह्या भगिनी मायेने जवळ करीत. ते कार्य पाहून रमाबाईंचे अंतःकरण द्रवले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात ह्या वार्तेने मोठी खळबळ उडाली. ज्यांनी काल त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला होता, त्यांतील कित्येकांनी आज पाठ फिरविली.

वैद्यकीचा मनोरथ मात्र सिद्धीस गेला नाही. त्यांस कानाने कमी ऐकू येत असे, आणि त्यामुळे तो अभ्यास अशक्य ठरला. निराश होऊन न बसता 1884 साली त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या विद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि इंग्रजी, गणित व सृष्टिविज्ञान शिकत. एकाच छपराखाली त्या गुरूही होत्या आणि शिष्याही. विद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या विदुषी होत्या. रमाबाईंच्या शंका त्या शांतपणे ऐकून घेत आणि पत्रांतून उत्तरे देत.

कारण शंका पुष्कळ होत्या. धर्म स्वीकारला, म्हणजे विचार करणे संपले, असे रमाबाईंस वाटत नव्हते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्या त्रैक्याचा अर्थ काय, ख्रिस्ताचे देवत्व कोणत्या आधारावर मानावयाचे, ह्या प्रश्नांचा त्या बायबल उघडून स्वतः शोध घेत. धर्ममंडळींनी सांगितले एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता. त्यांची माया खरी होती. पण शिष्येने आज्ञेत राहावे, अशी त्यांची अपेक्षाही तितकीच खरी होती. ह्यावरून दोघींमध्ये दीर्घ पत्रव्यवहार झाला. तो पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला आहे.

वादाचे विषय वरकरणी लहान दिसतात. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही; भगिनींस त्यात जुन्या जातिसंस्काराचा अवशेष दिसला. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. भारतीय ख्रिस्ती स्त्रीच्या क्रूसावर संस्कृत अक्षरे का नसावीत, असे रमाबाईंचे म्हणणे होते. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध दर्शविला. भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या ह्या स्त्रीस ती मनाई मानवली नाही. मनोरमेस धर्माचे शिक्षण कसे द्यावे, ह्यावरही आईचा शब्द राहावा, असा त्यांचा आग्रह होता.

श्रोतेहो, त्यांची त्या वेळची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. परका देश, जवळ पैसा नाही, मुलीचे पालनपोषण भगिनींच्या आश्रयावर, आणि स्वदेशातील आप्तस्नेही दुरावलेले. मान तुकवली असती, तर दिवस सुखाचे गेले असते. परंतु रमाबाईंनी कृतज्ञता आणि आज्ञाधारकता ह्यांत भेद केला. उपकार त्यांनी कधी नाकारले नाहीत. मात्र सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. वडिलांनी लोकमत झुगारून पत्नीस संस्कृत शिकविले, त्याच घरचे हे वळण होते. म्हणजे विचार करताना त्यांनी घरचे वळण सोडले नव्हते. उलट ते राखले होते.

1886 च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. 11 मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी ह्यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. जी पदवी त्यांस स्वतःस मिळू शकली नाही, ती आपल्या आप्त स्त्रीस मिळताना पाहून त्यांच्या मनात काय आले असेल, ह्याची कल्पनाच करावी! पुढे बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 1889 रोजी, त्यांनी मुंबईत 'शारदासदन' उघडले. 1890 मध्ये ते पुण्यास आले.

तेथे दुसरी कसोटी लागली. सदनात धर्मप्रचार होणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. ह्यावरून वाद पेटला. 1893 मध्ये रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या थोर हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येत नाही. पुढे सदनातील काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाच. आपल्या श्रद्धेचे दार उघडे ठेवावे आणि दुसऱ्याच्या लेकराच्या श्रद्धेस धक्काही लागू नये, हे दोन्ही साधणे किती कठीण असते, हे ह्या प्रसंगाने दिसून येते.

त्यांचे विद्यार्थिपण मात्र अखेरपर्यंत संपले नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित शेकडो मुलींचा सांभाळ करीत असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, आणि साध्या बायांस कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. संस्कृतप्रचुर लिहिणे त्यांस सहज साधले असते. त्यांनी सोपे लिहिण्याचे कष्ट घेतले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या आणि 1924 मध्ये ते संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले. चेल्टनहॅममध्ये जी विद्यार्थिनी मूळ वचन पाहिल्याशिवाय मान डोलवीत नव्हती, तिनेच ते मूळ वचन चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या हाती दिले.

देगलूरहून शिक्षणास निघालेल्या मुलाने किंवा मुलीने घरी पत्र लिहून आपल्या शंका कळविल्या, तर वडीलधाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. शंका ही श्रद्धेची वैरीण असतेच असे नाही. रमाबाईंच्या प्रश्नांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांस त्रास दिला; पण त्याच प्रश्नांतून त्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची झाली. मुलांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की प्रश्न विचारणे सोपे असते. त्याचे उत्तर मिळेपर्यंत अभ्यास करणे, आणि मिळालेल्या उत्तराची किंमत स्वतः मोजणे, हे खरे विद्यार्थ्याचे काम होय.