वेत्रवतीकाठची काचेची काठी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गुरसराय येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेतील आमचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले, हे आमच्या कानांवर आले आहे. गुरसरायमध्ये मराठी माणसाने बोलावे ते गोविंद बल्लाळ खेरांवर. रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याहून निघालेला हा पुरुष इकडे येऊन 'गोविंदपंत बुंदेले' झाला आणि पानिपतच्या रणाआधी, डिसेंबर १७६० मध्ये, धारातीर्थी पडला. त्या घराण्याशी जोडलेल्या जहागिरीच्या गावात आम्ही गळ टाकण्याच्या काठीवर बोलावे, हे विपरीत दिसते खरे. परंतु ज्या किनारपट्टीवर नेवरे वसले आहे, त्या कोकणात गळाने मासा धरण्यास 'गरवणे' असे स्वतंत्र क्रियापद आहे. आमच्या पूर्वजांच्या स्वयंपाकघरात मासळी शिजत नसेल. शब्द मात्र त्यांच्या कानांवर नित्य असणार.

आमच्या बोलण्यास आणखी एक निमित्त आहे. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून लोणावळ्याहून महसीर माशाची पिल्ले आणून बेतव्यात सोडावीत, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना मोठ्या प्रेमाने केलेली आहे. आमचा तिला विरोध आहे. तो का, हे आम्ही काठीच्याच वाटेने सांगणार आहोत.

गुरसरायच्या एका अंगास बेतवा आणि दुसऱ्या अंगास धसान. बेतव्याचे जुने नाव वेत्रवती. कालिदासाच्या मेघाला विदिशेपाशी भेटते ती हीच. वेत्र म्हणजे वेत. जिच्या नावातच वेत आहे, तिच्या काठी उभे राहून काठीविषयी बोलण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. ज्याला मराठीत मानवेल म्हणतात, तो भरीव बांबू याही मुलखात उगवतो. भाल्याच्या दांड्याला तो, पोलिसाच्या लाठीला तो. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता बंदरातून आपल्याकडचा बांबू विलायतेला आणि अमेरिकेला जाऊ लागला. तेथील कारागीर त्याच्या बारीक तिकोनी चिपा काढून, सहा चिपा एकत्र चिकटवून गळाच्या सुरेख काठ्या करीत. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याला मागे सारले. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिन बांबूही मिळेनासा झाला. तोवर काचेची काठी बाजारात येऊन पोहोचली होती.

काच म्हटली की फुटणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. पण वितळलेली काच अतिसूक्ष्म छिद्रांतून ओढली की तिचे केसाहून बारीक तंतू होतात, आणि तो तंतू रेशमासारखा वाकतो. त्याचे कापड विणावे, कृत्रिम राळेत भिजवावे, निमुळत्या पोलादी सळईभोवती गुंडाळावे, वरून पातळ पट्टी आवळून भट्टीत तापवावे, आणि थंड झाल्यावर सळई ओढून काढावी. हाती राहते ती पोकळ, निमुळती, वेतासारखी लवणारी नळी. हीच फायबरग्लासची काठी. आर्थर हॉवाल्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही कल्पना गळाच्या काठीला लावली आणि १९४७ साली शेक्सपिअर कंपनीने ती 'वंडररॉड' या नावाने विकावयास काढली. (नाटककाराशी या कंपनीचा संबंध नाही, आमच्या एका मित्राने तो जोडण्याचा प्रयत्न केला होता.) पुढे सुमारे पाव शतक काचेचेच राज्य होते. १९७० नंतरच्या दशकात कार्बन तंतूच्या काठ्या आल्या आणि बहुतेकांनी काच सोडली.

आम्ही सोडली नाही, हा जुनाटपणाचा हट्ट नव्हे. कार्बनचा तंतू काचेच्या साधारण तिप्पट ताठ आणि वजनाने हलका असतो; दूरवर दोरी फेकावयाची तर तोच उत्तम. पण बेतव्याचे पात्र म्हणजे खडकांचा पसारा. निसरड्या दगडावरून पाय सरकला आणि काठी आपटली, तर कार्बनला न दिसणारी चीर जाते आणि पुढल्या माशाला ती कडकन मोडते. काच असा मार सोसते. दुसरे कारण याहून गंभीर आहे, आणि ते मुलांच्या आईवडिलांनी अवश्य ऐकावे. कार्बनमधून वीज वाहते. डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारांना अशी काठी लागून माणसे दगावली आहेत. काच वीज वाहून नेत नाही. तथापि ओली काठी आणि ओली दोरी यांचा भरवसा नाही. तारांखाली कोणतीच काठी उभारू नये.

काठी घरी बांधता येते, आणि तिची खरी गोडी त्या बांधण्यातच आहे. नळी तयार मिळते. उरलेले सारे आपल्या हातचे. प्रथम नळीची पाठ शोधावी. कापड गुंडाळताना त्याची कड एका बाजूस चढलेली असते, म्हणून नळी एका अंगाने किंचित ताठ होते. नळीचे जाड टोक गुळगुळीत पाटावर टेकवावे, बारीक टोक एका हाताने तिरपे उचलून धरावे, दुसऱ्या हाताच्या तळव्याने मध्यावर दाबत ती फिरवावी. एका जागी ती हातातल्या हातात उसळी घेऊन स्वतःच वळते. तेथे खडूची खूण करावी आणि त्या रेषेला धरून कड्या बसवाव्यात. कड्या टोकाकडे जवळजवळ, मुठीकडे लांबलांब. फुटामागे एक आणि वर एखादी जादा, हा ठोकताळा पुरतो. मूठ बुचाच्या चकत्यांची. चकत्या ओळीने चिकटवून कानसेने आणि पॉलिशपेपरने घासत न्यावे, आपल्या मुठीचा आकार तिला येईपर्यंत. येथे आमच्या भगिनींचा हात आमच्याहून सरस ठरतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मग दोरा. कडीचा पाय नळीवर ठेवून रेशमी किंवा नायलॉनचा दोरा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळावयाचा. मध्ये केसभरही फट नको, एकावर एक चढ नको. शेवटच्या सहा-सात वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फास आधीच दाबून ठेवावा आणि त्यातून टोक ओढून घ्यावे, म्हणजे गाठ न मारता दोरा बंद होतो. वरून इपॉक्सीचा लेप. लेप ओला आहे तोवर काठी सावकाश फिरती ठेवावी लागते, नाहीतर तो एका बाजूला ओघळून थिजतो. काही जण त्यासाठी लहान मोटार लावतात. आम्ही चौघे पाळीपाळीने फिरवतो. त्या तीन-चार तासांत जितक्या गप्पा होतात, तितक्या मंडळाच्या बैठकांत होत नाहीत.

या काठीने टाकावयाची ती माशी. म्हणजे गळावर कोंबड्याची पिसे आणि केस बांधून केलेले सोंग. जिवंत आमिष लागत नाही, गांडूळ टोचावे लागत नाही, ही आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांची समजूत घालताना मोठी सोय झाली. माशीला वजन नसते. दोरीच्या वजनाने ती जाते. दोरी मागे फेकावी, ती पाठीमागे पूर्ण उलगडू द्यावी, मग पुढे. काचेची काठी संथ आहे. तिला घाई केली की दोरी आपल्याच कानाभोवती येऊन पडते. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना हा थांबण्याचा अर्धा क्षण आमच्याहून लवकर साधतो.

आता मासा. महसीर खळाळत्या, निर्मळ पाण्यातला. पावसाळ्यात पूर चढला की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि वाळू-खड्यांच्या उथळ जागी अंडी घालतो. बेतव्यावर परीछाचा बंधारा एकोणिसाव्या शतकात झाला, ढुकवाँचा विसाव्याच्या आरंभी. मग माताटीला, राजघाट. धसानवर लहचुरा. शेताला पाणी मिळाले, माशाची वाट अडली. २५ डिसेंबर २०२४ रोजी केन-बेतवा जोडप्रकल्पाची कोनशिला बसली आहे. यापुढे या पाण्याचे काय होणार, याविषयी आम्ही भाकीत करीत नाही. पण नदीत आज काय आहे, याची नोंद आजच व्हावयास हवी.

लोणावळ्याचे कार्य लहान नव्हे. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी टाटांच्या जलविद्युत तलावांवर दख्खनी महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. त्या माशाला साईक्सने १८३९ साली 'खुद्री' हे नाव दिले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून. महाराष्ट्राला याचा अभिमान असावाच. परंतु तीच पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला प्रचंड मासा. तेथील गळवाले मासा धरून सोडून देत आणि वहीत लिहून ठेवीत. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की सोडलेला निळसर पराचा मासा वाढत गेला आणि कुबडवाला हरवत गेला. २०१८ साली त्याची ओळख 'टोर रेमादेवी' अशी निश्चित झाली आणि तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. पिल्ले सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या मंडळाचाही नाही.

बेतव्यातला महसीर उत्तरेकडचा, वेगळ्या जातीचा. त्याच्या घरात मुळा-मुठेचा पाहुणा कायमचा ठेवणे ही भेट नव्हे. आपण येथे आलो ते बुंदेली शिकलो, येथील सण धरले. माशाला असे सांगता येत नाही. आणि एकदा सोडलेले पिल्लू परत बोलावता येत नाही.

त्याऐवजी जी रक्कम पिल्लांसाठी धरली आहे, तिच्यातून नळ्या, कड्या, बूच आणि दोरा घ्यावा, आणि मंडळाच्या मुलांनी दहा काठ्या बांधाव्यात, अशी आमची लेखी सूचना आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, हात ओले करूनच मासा धरावा, शक्यतो पाण्याबाहेर काढू नये, आणि सोडण्यापूर्वी लांबी मोजावी. वैशाखात पाणी तापते आणि मासा दमून मरतो. तेव्हा काठी खुंटीलाच राहू द्यावी. ओरछ्याच्या अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीवाचून गळ टाकूच नये. प्रत्येक काठीबरोबर एक वही: तारीख, जागा, पाण्याची उंची, मासा कोणता, किती बोटे लांब. मासा मिळाला नाही तर तेही लिहावे; कावेरीच्या नोंदीत रिकाम्या दिवसांनाही तितकेच मोल होते.

पहिल्या दोन नळ्या आम्ही आणल्या आहेत, त्या मागच्या टेबलावर आहेत. एकीची पाठ शोधून खडूची खूण केली आहे, दुसरीची मुद्दाम केलेली नाही. सभा संपल्यावर मुलांनी ती पाटावर फिरवून पाहावी. दोरा तांबडा, हिरवा आणि पिवळा असा तीन रंगांत आहे. कोणता घ्यावयाचा, हे त्यांनीच ठरवावे.